आनंद श्रावकाची यादी आणि आपला महिन्याचा किराणा



चार बायका एकत्र आल्या की हल्ली एक विषय हमखास निघतो. महिन्याचा किराणा ठरवलेल्या पैशांत बसत नाही. दहा हजार ठरवले तर बारा होतात, बारा ठरवले तर पंधरा. आपल्या घाटंजीत कापूस, तूर आणि सोयाबीनच्या भावावर शेतकऱ्याचे घर चालते, तसे दुकानदाराचेही चालते. त्यामुळे हा विषय हसण्यावारी नेता येत नाही. किराण्याची उधारी वाढली की त्या घराची झोप उडते, आणि बोल बहुतेक वेळा घरातल्या बाईलाच लागतो.

उपाय पुष्कळ सांगितले जातात. कोणी मोबाईलवर हिशेब ठेवते, कोणी पाकिटे करून पैसे वेगळे काढते. मला मात्र वाटले, आधीचे लोक हे कसे करत होते ते पाहावे. आगमांपासून आपल्या जिल्ह्याच्या रेशनपर्यंत जेवढे वाचता आले तेवढे वाचले. त्यातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. ज्यांची मर्यादा टिकली त्यांनी आधी वस्तू ठरवल्या, त्यांचे माप ठरवले आणि पैसे मागाहून मोजले. आपण नेमके उलटे करतो. आधी रक्कम ठरवतो आणि वस्तू दुकानात गेल्यावर ठरवतो.

पहिली यादी

घरखर्चाची मला माहीत असलेली सर्वांत जुनी तपशीलवार यादी आपल्याच आगमात आहे. उपासकदशांग हे सातवे अंगसूत्र. त्यात भगवान महावीरांच्या दहा श्रावकांच्या कथा आहेत आणि पहिली कथा आनंद गाथापतीची. तो वैशालीजवळच्या वाणिज्यग्रामाचा. त्याची संपत्ती वाचून डोळे फिरतात. चार कोटी सुवर्णमुद्रा ठेवीत, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरसंसारात. दहा-दहा हजार गाईंचे चार कळप. अशा माणसाने भगवंतांसमोर बारा व्रते घेतली आणि उपभोग-परिभोग परिमाण व्रत घेताना घरातल्या वस्तूंची एकेक करून यादी सांगितली.

ही यादी आपण पर्युषणात ऐकतो, पण स्वयंपाकघराच्या नजरेने क्वचितच ऐकतो. दात घासायला ओल्या ज्येष्ठमधाची काडी, दुसरी नाही. अंघोळीला पाण्याचे आठ घडे, त्याहून जास्त नाही. भात कलम जातीच्या साळीचा. डाळी तीन: वाटाण्याच्या जातीचा कलाय, मूग आणि उडीद. तूप शरद ऋतूतले आणि गाईचे. पक्वान्ने दोन: एक घेवर आणि दुसरे साखरेचे खाजे. भाज्या मोजक्या, त्यांत वास्तुक म्हणजे आपला चाकवत. प्यायला पावसाचे पाणी. मुखवास एकच, पाच सुगंधी द्रव्यांचा विडा. प्रत्येक वस्तूनंतर तोच निश्चय: याखेरीज बाकीच्या प्रकारांचा त्याग.

या यादीत भाव कुठेच नाही. बारा कोटींच्या धन्याला भावाची फिकीर नव्हती. म्हणजे मर्यादा घालणे हे फक्त गरिबीतले काम आहे, ही आपली समजूत आगमाला मान्य नाही. दुसरे म्हणजे आनंदाने 'तूप कमी खाईन' असे मोघम म्हटले नाही. कोणते तूप, कोणत्या ऋतूतले, कोणत्या प्राण्याचे, तेही सांगितले. मोघम निश्चय मोडताना कळतही नाही. नेमका निश्चय मोडला तर लगेच कळते.

आपल्याकडे रोज चौदा नियम धारणाऱ्या बायका आहेत. त्यांतला 'द्रव्य' हा नियम म्हणजे आज किती पदार्थ तोंडात घालायचे याची मोजदाद. 'विगई' म्हणजे दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळण यांची मर्यादा. किराण्याची पावती समोर ठेवून पाहा, महागातल्या ओळी बऱ्याचशा याच सहांभोवती फिरतात. ज्या घरात चौदा नियम चालतात त्या घरात बजेटची भाषा परकी नाही.

दिगंबर परंपरेत आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात हाच विचार काळाच्या अंगाने मांडला. जन्मभराच्या त्यागाला ते यम म्हणतात आणि ठरावीक काळाच्या त्यागाला नियम. तो काळ किती असावा? आजचा दिवस, एक रात्र, पंधरवडा, महिना, ऋतू, सहा महिने, असे टप्पे त्यांनी दिले आहेत. 'महिना' हे माप तिथे स्पष्ट आहे. म्हणजे 'या महिन्यात एवढेच' असे म्हणणारी बाई काही नवे करत नाही.

शिवानंदा आणि घरातले बाकीचे

आनंदाची पत्नी शिवानंदा. घरातल्या जेवणाच्या वस्तू ठरल्या, आणि रोज ते घर चालवणारी ती. आनंदाने घरी येऊन तिला नुसती यादी हातात दिली नाही. भगवंतांकडे जाऊन तूही व्रते घे, असे तिला सांगितले. ती गेली, तिने स्वतः ऐकले, स्वतः बारा व्रते घेतली. मला हा भाग यादीइतकाच महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्याने घातलेली मर्यादा सांभाळणे म्हणजे पहारा, आणि स्वतः घेतलेली मर्यादा म्हणजे व्रत. अनेक घरांत रक्कम पुरुष ठरवतात, वस्तू मुले आणि पाहुणे ठरवतात आणि जाब बाईला द्यावा लागतो. अशा घरात कोणतेही बजेट टिकणार नाही, कारण ते कोणाचेच व्रत नसते.

आणखी एक कुंपण त्याच व्रतांत आहे. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात म्हणतो. त्यांतला पाचवा म्हणजे आपल्यावर अवलंबून असलेल्यांचे अन्नपाणी तोडणे. म्हणजे घरखर्च कमी करण्यासाठी कामवाल्या बाईचा चहा, गाईचा चारा किंवा सासूबाईंचे दूध तोडले तर ती बचत नाही, तो अतिचार आहे. मी यात घरातल्या बाईलाही धरते. महिनाअखेरीला डाळ पातळ झाली की आपल्या वाटीत पाणीच येते, हे अनेकींना माहीत आहे. त्याला त्यागाचे नाव देऊ नका. त्याग पच्चक्खाण घेऊन, जाणून होतो. शेवटी जेवायला बसल्यामुळे उपाशी राहणे हा त्याग नव्हे.

आणि आपल्यातल्या ज्या घरांची किराण्याची दुकाने आहेत त्यांच्यासाठी तिसऱ्या व्रताचा अतिचार: खोटे वजन, खोटे माप. ग्राहकाचे बजेट टिकण्यात दुकानदाराच्या काट्याचाही वाटा असतो.

आपल्या वऱ्हाडात महिना नव्हता, वर्ष होते

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी झाली, इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला अचानक मोल आले. रेल्वे आली, जिनिंग आले, बाजार वाढले. आपल्यातल्या अनेक घरांचे पूर्वज त्या काळात आणि त्यानंतर मारवाड-गुजरातकडून या कापसाच्या मुलखात स्थिरावले. इथे पैसा दर महिन्याला येत नसे, अजूनही शेतकऱ्याकडे येत नाही. तो पीक निघाल्यावर येतो. म्हणून घरे वर्षाचा हिशेब करत. उन्हाळ्यात गहू, डाळी, तिखट, हळद भरायची. पापड, शेवया, कुरडया, मुंगवड्या वाळवायच्या. वर्षभर लागणारी वरची वस्तू दुकानातून खात्यावर आणायची आणि खाते पीक विकल्यावर मिटवायचे. आपले व्यापारी वर्षही दिवाळीला, म्हणजे महावीर निर्वाणाच्या दिवशी संपे आणि दुसऱ्या दिवशी नवे वीर संवत आणि नवी वही सुरू होई.

त्या पद्धतीतही मोजमाप वस्तूंचेच होते. माणशी किती पायली ज्वारी, किती शेर डाळ, हे घरच्या थोरल्या बाईला तोंडपाठ असे. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली आणि १९६२ पर्यंत टप्प्याटप्प्याने शेर-मण जाऊन किलो आले, तरी वर्षाचा अंदाज तसाच राहिला. कणगीतले धान्य उतरत चालले की ते डोळ्यांना दिसे. होळीपर्यंत कुठवर यायला हवे आणि अखजीपर्यंत कुठवर, हे ठरलेले. मोबाईलवरून पैसे जाताना असे काही उतरताना दिसत नाही.

या पद्धतीचे गोडवे मात्र गाऊ नयेत. खात्यावरच्या उधारीने किती घरे पिढ्यान् पिढ्या बांधली गेली, हेही याच वऱ्हाडाने पाहिले आहे. भरलेली कणगी आणि भरलेले खाते शेजारी शेजारी असत.

सरकारने ठरवलेले माप

महिन्याचे किंवा आठवड्याचे माप घराघरांत पोहोचवले ते दुसऱ्या महायुद्धाने. मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाले आणि मग ते देशातल्या इतर शहरांत पसरले. माणशी इतके धान्य, इतकी साखर. श्रीमंताच्या कार्डावरही तेच माप. स्वातंत्र्यानंतर रेशन कमी-जास्त होत राहिले, पण कार्ड राहिले. १९६५ मध्ये युद्ध आणि धान्यटंचाई एकत्र आली, तेव्हा पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी लोकांना आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडायला सांगितले. सोमवारची संध्याकाळ कितीतरी घरांनी पाळली. त्यांनी धान्याचा खर्च अमुक टक्के कमी करा असे सांगितले नाही, एक ठरलेली वेळ सांगितली. म्हणून ते लोकांना पाळता आले.

मग १९७२ चा दुष्काळ आला. त्यामागोमाग महागाई अशी चढली की १९७४-७५ मध्ये घाऊक किमती आदल्या वर्षापेक्षा साधारण २५ टक्क्यांनी वाढल्या. कोणत्याही गृहिणीने कितीही काटकसर केली तरी हे भरून निघणे शक्य नव्हते. मुंबईत महिलांनी पक्षभेद बाजूला ठेवून महागाईविरोधी संयुक्त समिती उभारली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी यांच्या मागे हजारो बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. लाटणे मोर्चा हा शब्द तेव्हाचा. त्यांच्या मागण्याही वस्तूंच्याच होत्या: रेशनवर धान्य, साखर, तेल, रॉकेल योग्य भावात आणि वेळेवर मिळाले पाहिजे. बजेट मोडण्यात बाईची चूक किती आणि बाजाराची किती, हे त्यांनी चारचौघांत विचारले.

त्याच काळातून ग्राहक चळवळ निघाली. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले आणि १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिची मासिक वाटपाची पद्धत आपल्या विषयाला नेमकी लागू पडते. शेजारच्या कुटुंबांचा एक गट करायचा. प्रत्येक घराने पुढच्या महिन्याला काय आणि किती लागेल ते आधी लिहून द्यायचे. सगळ्यांची मागणी एकत्र करून माल घाऊक विकत घ्यायचा, तो गटातल्या एका घरी उतरवायचा आणि सर्वांनी मिळून वाटून घ्यायचा. हे काम मुख्यतः गृहिणींनीच वाढवले. माल चांगला आणि स्वस्त मिळे हा एक फायदा. दुसरा फायदा त्या यादीचा. कपाट उघडून, काय उरले आहे ते पाहून, घरी बसून भरलेल्या यादीत मोहाला जागा नसते. दुकानात समोर मांडलेली वस्तू तिथे नसतेच.

आपल्या जिल्ह्याचे दीडशे रुपये

वस्तू आणि रक्कम यांतला फरक आपल्या जिल्ह्याने तर सरळ अनुभवला आहे. ऑगस्ट २०१५ पासून राज्य सरकारने शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या १४ जिल्ह्यांत केशरी कार्डावरच्या शेतकरी कुटुंबांना दरमहा माणशी ५ किलो धान्य देणे सुरू केले. गहू २ रुपये किलो, तांदूळ ३ रुपये. त्यात आपला यवतमाळ जिल्हा होता. २०२३ मध्ये धान्याऐवजी खात्यात माणशी १५० रुपये देण्याचे ठरले, पुढे त्याचे १७० झाले.

रोख पैशाची सोय आहे हे खरे. ज्याला ज्वारी हवी तो ज्वारी घेईल. पण हिशेब करून पाहा. पाच किलो हे पुढच्या वर्षीही पाच किलोच असतात. दीडशे रुपये म्हणजे किलोला तीस. भाव चढला की त्याच पैशांत धान्य कमी येते, आणि खात्यात आलेला पैसा औषध, बियाणे, शाळेची फी, सगळ्यांकडून ओढला जातो. धान्याचा डबा मात्र फक्त खाण्यासाठीच उघडतो. आपल्या घरच्या बजेटचेही हेच आहे. 'किराण्याचे दहा हजार' हे वाक्य दर महिन्याला आतून आकसत जाते. 'तूर तीन किलो, मूग दोन किलो, तेल पाच किलो' हे आकसत नाही.

२०१५ च्या दिवाळीआधी तूरडाळ अनेक शहरांत किलोला २०० रुपयांवर गेली होती. ज्या घरात वरण म्हणजे तूरच, तिथे रकमेचे बजेट त्या एका डाळीने मोडले. आपल्या घरांत कांदा-बटाट्याने भागवायची सोय नसते, त्यामुळे डाळीचा भार अधिकच. आनंद श्रावकाच्या यादीत डाळी तीन होत्या, हे मला तेव्हापासून फार शहाणपणाचे वाटते.

आणि पैसा जातो कुठे? सरकारच्या घरगुती खर्चाच्या पाहणीत याचे उत्तर आहे. १९९९-२००० मध्ये ग्रामीण घराच्या १०० रुपयांच्या खर्चात सुमारे २२ रुपये धान्यावर जात. २०२२-२३ मध्ये ते पाचाच्या आसपास आले. त्याच वर्षी चहासारखी पेये आणि तयार, पाकीटबंद खाणे यांवर साडेनऊ रुपयांहून जास्त गेले. म्हणजे गहू-तांदळात काटकसर करून फारसे हाती लागणार नाही. गळती पाकिटांत आहे, आणि ती पाकिटे सहसा यादीत नसतातच.

मग करायचे काय

आमच्या घरी जी पद्धत बसली आहे ती या सगळ्यातून आलेली आहे, म्हणून सांगते.

यादी महिन्याच्या शेवटी, डबे उघडून करायची. घरातले सगळे बसतील तेव्हा, म्हणजे ती एकटीची राहत नाही. प्रत्येक वस्तूपुढे माप लिहायचे, भाव नाही. भाव दुकानातून आल्यावर लिहायचा. बेरीज ऐपतीबाहेर गेली तर वस्तू बदलायची किंवा प्रकार कमी करायचे. चार तऱ्हेच्या बिस्किटांऐवजी एक. कोणाच्या ताटातले माप मात्र कमी करायचे नाही.

यादी ऋतूप्रमाणे बदलायची. आपल्याकडे पदार्थांची काळमर्यादा आहेच. श्वेतांबर परंपरेत मिठाई वगैरेची हिवाळ्यात ३०, उन्हाळ्यात २० आणि पावसाळ्यात १५ दिवस सांगतात. दिगंबर घरांत पिठाची ७, ५ आणि ३ दिवस पाळतात. ही मर्यादा पाळणारे घर आपोआप लागेल तेवढेच आणते. चातुर्मासात हिरव्या भाज्या कमी होतात तेव्हा मूग, मटकी, चणे यांचे माप वाढवायचे, हे आधीच लिहिलेले असावे. ओळीत विगई जात नाही, पण पारण्याला खर्च होतो, तोही लिहावा. तपाच्या नावाने बचत आणि पारण्याच्या नावाने दुप्पट खर्च, हा हिशेब बरा नाही. तप बचतीसाठी करायचे नसते. पण तपाने लागलेली मोजण्याची सवय घरखर्चाला उपयोगी पडली तर त्यात वावगे काही नाही.

आणि यादीत एक ओळ अतिथी संविभागाची. साधू-साध्वींची गोचरी, दारी आलेला माणूस, जीवदया. बारावे व्रत यादीच्या बाहेर राहिले तर महिनाअखेरीला पहिली कात्री त्यालाच लागते.

शेवटचे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातल्या सर्वांत मोठ्या प्रौढ स्त्रीला कुटुंबप्रमुख मानले. कागदावर तरी कायद्याने कबूल केले की घराचे धान्य हे तिच्या अधिकारातले आहे. आपल्या घरांत जबाबदारी तिची आहेच, अधिकार मात्र सगळीकडे नाही. म्हणून नव्या महिन्याची यादी करताना रक्कम विचारण्याआधी एवढे ठरवून घ्या की या यादीत काय बसेल आणि काय नाही, हे कोण ठरवणार. शिवानंदेने ते स्वतः जाऊन ठरवले होते.

लिहिताना काही आगमाविरुद्ध गेले असेल तर मिच्छामि दुक्कडम्.